कळा येण्यापूर्वी

हिंगोलीहून नांदेडकडे जाणारा रस्ता कळमनुरी, आखाडा बाळापूर, अर्धापूर अशी गावे मागे टाकीत जातो, आणि सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे, त्या रस्त्याने जो कोणी जाईल त्याला मळणीयंत्रांची धूळ, हळदीची उंच वाढलेली हिरवी शेते आणि मधूनच भोंगा वाजवीत नांदेडच्या दिशेने निघालेली एखादी रुग्णवाहिका, एवढेच ध्यानात राहण्यासारखे दिसेल. परंतु या सुमारे नव्वद किलोमीटरांच्या वाटेवरील प्रत्येक वळण आमच्या भागातल्या वयस्कर बायका निराळ्याच खुणांनी ओळखतात. अमकीला बाळापूरच्या अलीकडे गाडीतच सुटका झाली, तमकीचे पाणी कळमनुरी ओलांडण्यापूर्वीच गेले, आणि एखादीविषयी बोलताना त्या केवळ ‘अर्धापूरपर्यंत होती’ असे म्हणून गप्प बसतात; त्या गप्प बसण्याचा अर्थ ऐकणाऱ्यांपैकी कोणी विचारीत नाही.

माझ्या थोरल्या बहिणीचे, आमच्या अक्काचे, पहिले बाळंतपण १९९४ सालच्या पावसाळ्यात झाले. तेव्हा हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. परभणी जिल्ह्याचा तो एक तालुका होता, आणि जिल्ह्याचा मोठा दवाखाना परभणीस, म्हणजे आमच्या खेड्यावरून पाहता दुसऱ्या मुलुखात होता. सुईण अनुभवी होती, वडिलांचा तिच्यावर विश्वास होता, आणि पहिलटकरणीला वेळ लागतोच या सर्वमान्य वचनावर विसंबून दिवसभर वाट पाहण्यात आली. संध्याकाळी जेव्हा सुईणीनेच हात टेकले तेव्हा जीप शोधण्यास निघालेला माणूस दोन तासांनी परतला, आणि त्या जीपमधून ज्या दवाखान्याच्या दारात आम्ही उतरलो तेथे फाटकावर कंदील घेऊन बसलेल्या चौकीदाराखेरीज कोणी नव्हते. डॉक्टर मुख्यालयी नव्हते. नर्सबाई आल्या, त्यांनी पोट चाचपून पाहिले, आणि एका चिठ्ठीवर दोन ओळी खरडून ‘पुढे न्या’ असे सांगितले. पुढे नेले, अक्का वाचली, मूल वाचले नाही. तो मुलगा होता, हे तिला तिसऱ्या दिवशी सांगण्यात आले. त्या दवाखान्याचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण त्या काळी त्याच्याऐवजी दुसरा कोणताही असता तरी फाटकावर तोच कंदील आणि तोच एकटा माणूस भेटला असता, अशी माझी खातरी आहे.

त्यानंतर सहा वर्षांनी अक्काला मुलगी झाली, आणि या वर्षी मृग नक्षत्राच्या पुढे त्या मुलीचे, माझ्या भाचीचे, पहिले बाळंतपण होते. तिचे सासर सेनगाव तालुक्यात, रिसोडच्या बाजूस. माहेर कळमनुरीच्या अंगाला. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची चाल आपल्याकडे इतकी जुनी आणि इतकी मायेची आहे की तिच्यात काही अडचण असू शकते हे कोणाच्या मनातही येत नाही. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले, हिरवी साडी नेसून मुलगी माहेरी आली, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी ओट्यावर बैठक भरली ती एकाच विषयावर: दवाखाना कोणता?

बैठकीस दाजी होते, दाजींचे दोन भाऊ होते, आणि शहरात राहून मास्तरकी केलेला मामा म्हणून मी होतो. दाजींच्या मते नांदेडचा मोठा खाजगी दवाखाना हाच एक प्रतिष्ठित मार्ग. एकुलती एक मुलगी, तिच्यासाठी हळदीचे पैसे राखून ठेवलेले, मग कमीपणा का घ्यावा? विहीणबाईंचा निरोप होता की रिसोडचे डॉक्टर त्यांच्या घराण्याचे ओळखीचे आहेत आणि दोन्ही जावांची बाळंतपणे तेथेच ‘नॉर्मल’ झाली आहेत. एका चुलत्याने तालुक्यातल्याच एका बाईडॉक्टरांचे नाव सुचवले; हात हलका आहे, आणि घरापासून अर्ध्या तासावर. अक्का दाराच्या आत बसून धान्य निवडीत होती, तिला कोणी विचारले नाही, आणि जिच्या पोटात सात महिन्यांचे लेकरू होते ती तिच्याही मागे उभी होती. कोणाचा हात हलका, कोणाकडे सिझर फार होतात, कोणाच्या खोल्यांना थंड हवेची सोय आहे, किती रुपयांचे ‘पॅकेज’ आहे, याची चर्चा तासभर चालल्यावर आतून तिने हळूच विचारले, “मामा, रात्रीचं तिथं कोण राहातंय?”

हा प्रश्न तिने कोठून उचलला हे अक्काने मान वर केली तेव्हा माझ्या ध्यानात आले. त्या एका प्रश्नाच्या मागे लागून पुढील दीड महिना मी जे पाहिले आणि विचारले, त्याची हकिगत येथे सविस्तर देत आहे. कारण आमच्या जिल्ह्यात, आणि आमच्याच काय, महाराष्ट्रातल्या बहुतेक खेड्यांत, ज्या ओट्यांवर हा विषय निघतो त्या ओट्यांवर हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

प्रसूतिशास्त्रात एक कालगणना दिलेली असते, आणि ती प्रत्येक गरोदर मुलीच्या बापाने एकदा तरी ऐकली पाहिजे असे मला वाटते. उपचार मिळालाच नाही तर दुखणे सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंत सरासरी किती अवकाश मिळतो, याचा तो हिशेब आहे. अडलेल्या बाळंतपणात सुमारे तीन दिवस. रक्तदाब वाढून झटके येतात त्या व्याधीत सुमारे दोन दिवस. बाळंतपणानंतरच्या जंतुसंसर्गात सहा दिवस. मूल जन्मण्यापूर्वी रक्त जाऊ लागले तर बारा तास. आणि मूल जन्मल्यानंतर रक्त थांबले नाही तर केवळ दोन तास. कारणही सरळ आहे. दिवस भरलेल्या गर्भाशयातून दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त वाहत असते. वार सुटून पडल्यावर पिशवीने मुठीसारखे आवळून घेतले तर त्या उघड्या रक्तवाहिन्या आपोआप मिटतात, आणि ती ढिली राहिली तर घागर उपडी व्हावी तसे होते. हे कोणाच्या बाबतीत घडेल ते आधी सांगता येत नाही. सगळे ‘नॉर्मल’ चालले होते, पेढे वाटण्याची तयारी झाली होती, आणि मग, अशीच या मृत्यूंची हकिगत असते. आता ज्या गावाहून नांदेडला पोचण्यासच गाडीला दोन तास लागतात, त्या गावच्या माणसाने हा दोन तासांचा आकडा आणि तो रस्ता शेजारी शेजारी ठेवून पाहावा.

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासक स्त्रियांनी १९९४ साली, म्हणजे ज्या वर्षी आमची अक्का त्या जीपमध्ये होती त्याच वर्षी, या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात बाळंतिणीच्या मृत्यूस कारण होणारे तीन विलंब सांगितले: निघायचे की नाही हे ठरवण्यातला घरचा विलंब, पोचण्यातला वाटेचा विलंब, आणि पोचल्यावर उपचार सुरू होण्यातला दवाखान्याचा विलंब. अक्काच्या वाट्यास तिन्ही आले होते. त्यांपैकी घरच्या विलंबाचा दोष आपण सुईणीवर आणि वाटेचा पावसावर टाकून मोकळे होतो. तिसऱ्याची मात्र आपण आधी चौकशीच करीत नाही, कारण दवाखान्याच्या दारात पोचणे म्हणजेच उपचार होणे, अशी आपली भाबडी समजूत असते.

तेव्हा मी चौकशी केली. प्रथम खाजगी दवाखान्यांकडे गेलो. एका प्रौढ डॉक्टरांनी, ज्यांचा लौकिक त्या भागात चांगला आहे आणि तो का चांगला आहे हे त्यांच्या उत्तरांवरूनच मला कळले, कसलाही आडपडदा न ठेवता सांगितले की रात्री दवाखान्यात नर्स असते, ते स्वतः वरच्या मजल्यावर राहतात, परंतु भूल देणारे डॉक्टर दुसऱ्या गावाहून बोलवावे लागतात, आणि रक्ताची गरज लागली तर पिशवी आणण्यास माणूस पाठवावा लागतो. “अवघड दिसलं तर मी वेळेत पुढं पाठवतो,” ते म्हणाले, “पण वेळ कोणती ते पोटातलं लेकरू ठरवतं.” दुसऱ्या एका ठिकाणी हेच प्रश्न विचारताच समोरच्या गृहस्थांच्या कपाळावर आठ्या उमटल्या आणि आमच्याकडे असे काही होत नाही असे उत्तर मिळाले. ज्या ठिकाणी असे काही होतच नाही त्या ठिकाणी मुलीला नेऊ नये, हे मी तेथेच ठरवले. खाजगी शुश्रूषागृहांसंबंधीच्या १९४९ च्या कायद्याखाली महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये जे सुधारित नियम केले, त्यांनुसार रुग्णांच्या हक्कांची सनद आणि प्रमुख सेवांचे दर दर्शनी भागावर लावणे या संस्थांवर बंधनकारक आहे; तो फलक कोठे आहे हे विचारण्यात संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही.

मग सरकारी बाजू. येथे आमच्या ओट्याचा विरोध एकमुखी होता, आणि तो निराधार होता असे मी म्हणणार नाही. कळा देणाऱ्या मुलीवर ओरडणे, बाहेर बसलेल्या आजीकडून मुलगा झाल्याच्या आनंदाचे पैसे मागणे, औषध बाहेरून आणा म्हणून चिठ्ठी हाती देणे, या गोष्टी ज्यांनी सोसल्या त्यांच्या मनातून त्या जात नाहीत, आणि जाऊही नयेत. १ जून २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यातले बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, रक्त, साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि सिझरमध्ये सात दिवस जेवण, घरापासून दवाखान्यापर्यंत, तेथून वरच्या दवाखान्यापर्यंत आणि परत घरापर्यंत गाडी, हे सर्व विनामूल्य आहे. जी चिठ्ठी बाहेरच्या औषधासाठी दिली जाते ती या हुकुमाच्या विरुद्ध दिली जाते, हे प्रत्येक बापास ठाऊक असले पाहिजे.

परंतु भाचीच्या प्रश्नाचे उत्तर सरकारी व्यवस्थेत पायरीपायरीने मिळते, आणि ही उतरंड समजून घेतल्याखेरीज निवड करता येत नाही. उपकेंद्रात नर्सबाई असतात; साधे बाळंतपण तेथे होऊ शकते. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर असतात आणि मूल बाहेर येताच पिशवी आवळून घेण्यासाठी द्यावयाचे इंजेक्शन असते, जे शीतपेटीत राखले तरच गुणकारी राहते. एवढी एक गोष्ट वेळेवर झाली तरी अनेकींचे प्राण वाचतात. परंतु शस्त्रक्रिया, भूल आणि रक्त ही तिन्ही एका छपराखाली अहोरात्र मिळण्याची आशा त्या पायरीवर नसते. त्यासाठी उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयापर्यंत जावे लागते. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला तेव्हा आम्हां शहरवासीयांना कचेऱ्या आणि पदे दिसली. पण सेनगावच्या किंवा कळमनुरीच्या गरोदर बाईच्या दृष्टीने त्या दिवशी घडलेली खरी गोष्ट ही की जिल्हा पातळीचा दवाखाना उद्या तिच्याजवळ येण्याचा हक्क निर्माण झाला. २०११ च्या शिरगणतीत ११,७७,३४५ लोकवस्ती भरलेल्या या जिल्ह्यात शंभरांतील सुमारे पंच्याऐंशी माणसे खेड्यांत राहतात. त्यांच्यासाठी अंतर हाच अर्धा आजार असतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातल्या ज्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले त्यांत हिंगोलीचेही एक आहे. नांदेडला असे महाविद्यालय १९८८ सालीच सुरू झाले होते, आणि मधल्या छत्तीस वर्षांत आमच्या किती लेकी तो रस्ता तुडवीत गेल्या याचा हिशेब कोणत्याही दप्तरात मिळणार नाही.

या साऱ्या खटाटोपात सर्वांत मोठी अडचण जेथून येईल असे वाटले नव्हते तेथून आली. भाचीची नोंदणी तिसऱ्या महिन्यात सासरच्या गावी झाली होती, तेथील आशाताईंनी ती वेळेवर केली होती, लसी झाल्या होत्या, रक्त तपासले होते. आणि हे सर्व ज्या कार्डावर लिहिलेले होते, ते माता व बाल संरक्षण कार्ड हिरव्या साडीच्या, डिंकाच्या लाडवांच्या आणि ओटीच्या गडबडीत सासरी देव्हाऱ्याच्या कोनाड्यातच राहिले होते. माहेरच्या आशाताईंनी पहिला प्रश्न विचारला तो कार्डाचा. रक्तगट? मुलीला आठवेना. हिमोग्लोबिन? “कमी हाय म्हणल्या होत्या.” किती कमी? तेही आठवेना. जावईबापूंनी दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवरून कार्ड आणून दिले तेव्हा त्यावर पाचव्या महिन्याचा आकडा वाचला: आठ पूर्णांक सहा. गरोदर बाईत तो अकराच्या खाली गेला की पंडुरोग धरतात आणि सातच्या खाली गेला की तो तीव्र समजतात. लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. मळमळते म्हणून मुलीने त्या खाल्ल्या नव्हत्या, आणि घरातल्या कोणालाही, अक्कालासुद्धा, तिने ते सांगितले नव्हते. महाराष्ट्रातल्या गरोदर स्त्रियांपैकी निम्म्याच्या जवळपास स्त्रियांच्या रक्ताची हीच अवस्था आहे. अशा अंगातून निरोगी बाईला सहज सोसेल एवढे रक्त गेले तरी ते जिवावर बेतते. म्हणजे ज्या दोन तासांचा हिशेब मी वर सांगितला ते दोन तासही हिच्यापाशी पुरते नव्हते.

पहिले बाळंतपण माहेरी, ही चाल मुलीला विसावा देते, आईचा हात देते. पण ती मुलीला आठव्या महिन्याच्या तोंडावर एका नोंदवहीतून उचलते आणि दुसऱ्या नोंदवहीत पोचवीत नाही. सासरच्या आशाताईंच्या यादीत ती ‘बाहेरगावी गेली’ असते, माहेरच्या यादीत ती अद्याप आलेली नसते, आणि जोखमीचे हे दोन महिने ती या दोन दप्तरांच्या मधल्या रिकाम्या जागेत राहते. चाल मोडावी असे मी म्हणत नाही. लेक निघताना तिच्या ओटीत नारळाबरोबर ते कार्ड घालावे, एवढेच म्हणतो. आणि डोहाळजेवणाच्या दिवशी दोन्हीकडच्या आशाताईंना एकमेकींचा फोन नंबर मिळावा.

या आशाताईंविषयी थोडे विषयांतर करतो. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून त्या देशभर नेमल्या गेल्या, तरी गावच्या बाईनेच गावच्या आरोग्याची राखण करावी या कल्पनेचे जतन आपल्याच मातीत झालेले आहे. १९७० साली जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावोगावच्या निरक्षर, पुष्कळदा परित्यक्ता, स्त्रियांना हाताशी धरून हे काम उभारले, गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावच्याच स्त्रियांना नवजात बालकाची घरच्या घरी शुश्रूषा करण्यास शिकवून बालमृत्यू किती खाली आणता येतात हे १९९९ मध्ये जगापुढे मांडले. आणि त्यांच्याही कितीतरी आधी, चौदाव्या वर्षी आई होऊन दहा दिवसांत मूल गमावलेल्या आनंदीबाई जोशी त्याच दुःखाचा हात धरून सातासमुद्रांपलीकडे वैद्यक शिकण्यास गेल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फियात पदवी घेताना त्यांनी प्रबंधाचा विषय निवडला तो हिंदू आर्यांच्या प्रसूतिशास्त्राचा. आमच्या माहेरच्या आशाताई दहावीपर्यंत शिकलेल्या आहेत; आनंदीबाईंचे नाव त्यांनी शाळेच्या पुस्तकात वाचले होते. भाचीला शिरेतून लोहाचे औषध देववून आणण्यासाठी त्या तिच्याबरोबर एसटीने चार वेळा गेल्या, आणि दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची जी विशेष तपासणी असते तिला मे आणि जून दोन्ही महिन्यांत घेऊन गेल्या. जूनच्या ९ तारखेला हिमोग्लोबिन दहा पूर्णांक चार भरले.

सिझरविषयी दोन शब्द लिहिल्याखेरीज हा विषय पुरा होत नाही, कारण आमच्या बायकांच्या मनात दवाखान्याची भीती म्हणजे बहुतांशी कात्रीची भीती असते. ती भीती निर्बुद्ध नाही. जिला तीन महिन्यांनी खुरपणीस वाकायचे आहे तिला पोटावरचा टाका म्हणजे काय हे शहरातल्या बाईपेक्षा अधिक कळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत महाराष्ट्रात शंभर बाळंतपणांमागे वीस सिझर होते, पाचव्या फेरीत ते पंचवीसवर गेले. आणि देशभराचा विचार केला तर त्याच पाचव्या फेरीत खाजगी दवाखान्यांत हे प्रमाण शंभरास सत्तेचाळीस, तर सरकारी दवाखान्यांत चौदा होते. निसर्गाने स्त्रियांचे दोन वर्ग केलेले नाहीत. तेव्हा या तफावतीत कोठे अनावश्यक कात्री चालली आहे आणि कोठे आवश्यक असलेली मिळालेली नाही, अशा दोन्ही गोष्टी दडलेल्या आहेत. म्हणून ‘तुमच्याकडे नॉर्मल होते ना?’ हा ओट्यावरचा प्रश्न मला अपुरा वाटतो. सिझर करावे लागले तर ते कोणत्या कारणाने हे तुम्ही आम्हांला आधी सांगाल काय, आणि करावे लागलेच तर रात्री अडीच वाजता ते किती मिनिटांत होईल, असे विचारले पाहिजे.

आणि ज्यांना निवड करण्याची मुभाच नाही, त्यांचे काय? दसऱ्यानंतर आमच्या तालुक्यांतून, तांड्यांवरून, ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोयत्याचे काम जोडीने असते, उचल आधीच घेतलेली असते, आणि पोटुशी बाईही त्या गाडीत चढते. तिचे बाळंतपण कोणत्या जिल्ह्यात होईल हे साखर कारखान्याचा गाळप हंगाम ठरवतो. तिचे नाव मागच्या गावच्या नोंदवहीत राहते, पुढच्या गावास ती परकी असते. माझ्या भाचीचे कार्ड काही दिवसच हरवले होते, हिचे सहा महिने हरवते. दवाखाना कोणता, असा प्रश्न विचारण्यास तिला ओटाच नसतो. गाळपास परवानगी देताना टोळीतल्या गरोदर स्त्रियांची यादी जवळच्या आरोग्य केंद्रास पोचल्याची रुजवात शासनाने का करून घेऊ नये, हे मला समजत नाही.

आमच्या घरी अखेरीस ठरले ते असे, आणि ते ठरवताना या खेपेस मुलगी ओट्यावर येऊन बसली होती. नोंदणी हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात करायची. रक्तपेढी तेथे, नवजात बालकांचा अतिदक्षता कक्षही तेथे. दाजींना ते प्रथम रुचले नाही. लोक म्हणतील हळदीला भाव मिळाला आणि लेक सरकारी दवाखान्यात नेली. त्यावर अक्का, जी अशा बैठकीत उभ्या जन्मात बोलली नव्हती, एवढेच म्हणाली की लोक तेव्हाही होते. मग कोणी काही बोलले नाही. गावातल्या दोन गाडीवाल्यांना सांगून ठेवले. १०८ चा आकडा भिंतीवर खडूने लिहिला. रक्तगट जुळणाऱ्या दोन चुलतभावांना जून महिन्यात गाव सोडू नका अशी ताकीद दिली.

आर्द्रा लागल्या होत्या आणि पेरण्या चालू होत्या. मध्यरात्रीनंतर कळा सुरू झाल्या. फोन लावल्यापासून पस्तीस मिनिटांत गाडी आली, आशाताई रेनकोट घालून आधीच ओसरीवर उभ्या होत्या. मी हिंगोलीहून थेट रुग्णालयाच्या दारात पोचलो. फाटकाशी दिवा होता, आत नर्सबाई होत्या, डॉक्टर होत्या, आणि बाळंतिणीजवळ एक नात्यातली बाई राहू द्यावी अशी जी मुभा केंद्र सरकारने २०१६ मध्ये दिली आहे तिच्या आधारे अक्काला आत घेतले. बाहेरच्या बाकावर दाजी आणि मी बसलो. सकाळी साडेसहाच्या सुमारास रडणे ऐकू आले. दाजी उठून उभे राहिले, आणि त्याच वेळी आतून एक नर्स धावत बाहेर आली आणि तशीच धावत परत गेली.

आत काय घडले ते अक्काने नंतर सांगितले. वार पडली, पण पिशवी आवळेना. नर्सबाईंनी एक हात पोटावर ठेवून कणीक तिंबावी तशी पिशवी चोळण्यास सुरुवात केली, दुसरीने इंजेक्शन दिले, डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या हाताला सलाईन लावून रक्तपेढीस फोन करविला. कोणी ओरडले नाही. “एक बाई घड्याळाकडं बघून मोठ्यानं मिनिटं सांगत होती,” अक्का म्हणाली, “आन मी पोरीचं डोकं धरून उभी होते.” अकराव्या मिनिटास पिशवी दगडासारखी घट्ट झाली. रक्ताची एक पिशवी चढवावी लागली. ती वरच्या मजल्यावरून आली.

तिसऱ्या दिवशी दुपारी रुग्णालयाच्याच गाडीने आम्ही परत निघालो. कयाधू नदीला तांबडे पाणी आले होते, शेतांतून तिफणी चालल्या होत्या. भाची बाळाला पदराखाली घेऊन पडली होती, आणि तिच्या उशाशी प्लास्टिकच्या पिशवीत ते कार्ड होते, ज्यावर आता दोन्ही गावांच्या आशाताईंची नावे होती. एका वळणावर रस्त्याच्या कडेला तो जुना दवाखाना लागतो. त्याला आता नवा रंग दिला आहे, फाटकही नवे आहे. अक्का खिडकीशी बसली होती. तिने तिकडे पाहिले, फाटक मागे पडेपर्यंत पाहिले, आणि मग वळून मुलीला म्हणाली, “कान झाक लेकराचे, वारं लागतंय.”